समासातली बाई

डंडीला धुकं समुद्राकडून येतं.
आधी पूल खातं, मग बंदर,
मग पर्थ रोडवरची आमची इमारत, मजल्यामागून मजला.
आज चौथा मजला रिकामा करायचाय.
प्राध्यापक युफेमिया रॅट्रे, इतिहास विभाग:
दारावरची पाटी कुणीतरी आधीच काढलीय,
चार स्क्रूंची भोकं तेवढी आहेत.

आम्ही तिघं. त्यांच्या चौतीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांपैकी
ज्यांनी फोन उचलला ते.
कॅलम खोकी उचलतो, मी चिकटपट्टी लावते,
ऱ्होनाला सातवा महिना, म्हणून ती नुसती वाचून दाखवते:
"ताग गिरणी, पगारपत्रकं, १८८७ ते ९१."
"तीच, पुन्हा."
"तीच, बेरीज चुकलेली."

एवढंच संशोधन.
एका गिरणीतल्या बायकांच्या पगारातून
कापल्या गेलेल्या पेन्या त्या मोजत राहिल्या:
उशीर, तुटलेला धागा, उघडी खिडकी.
एक पातळ निळं पुस्तक झालं.
दुसरं होणार होतं.

मनात मी त्यांना बाई म्हणायचे.
तोंडावर नावानं, तिथली रीतच ती,
पण 'एफी' म्हटलं
की जळगावची शाळा मागून येऊन कान धरायची.

बाई हिरव्या पेन्सिलीनं तपासायच्या.
अख्ख्या निबंधात कधी कधी दोनच शब्द,
समासात, बारीक, जरा उतरते:
कोण म्हणतं?

पहिल्या वर्षी मी आजोबांवर लिहिलं.
बेचाळीस साल, विसापूरचा तुरुंग, अकरा महिने.
आमच्या घरात हे आरतीइतकं पाठ.
'तुरुंग' या शब्दाशेजारी बाईंनी लिहिलं: कोण म्हणतं?
माझं डोकं फिरलं. या गोऱ्या बाईला काय माहीत!
रात्री तावातावानं आत्याला फोन लावला.
आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"होते गं तुरुंगात. पण टेबलाच्या अलीकडे.
कारकून होते. येणाऱ्यांची नावं लिहायचे.
पुढे लोकच म्हणायला लागले,
आम्हीही नाही म्हटलं नाही."

दोन आठवडे वर्गाला गेले नाही.
मग गेले, कोट न काढताच बसले, सांगून टाकलं.
खिडकीवर सीगल चोच आपटत होता,
बाई त्याला रोज ओटकेक घालायच्या आणि रोज शिव्या.
म्हणाल्या, "अक्षर कसं होतं त्यांचं?"

सुंदर, मी म्हटलं.

"मग ती नावं अजून वाचता येत असतील."
आणि पेन्सिलीला टोक काढायला लागल्या.

मी इतिहासात राहिले नाही. पर्थला
विम्याच्या कचेरीत दावे तपासते:
छत कोसळलं, पाइप फुटला, अंगठी हरवली.
आता समास नसतो, स्क्रीन असतो.
तरी दुपारी तीनच्या सुमाराला
कुणाच्या तरी नुकसानीशेजारी ते दोन शब्द दिसतात
आणि त्यांच्यामागून, हळूच, तो अक्षराचा प्रश्न,
जो बाकी कुणाच्या लक्षात नाही.

सत्तावीस खोकी झाली.
विद्यापीठ म्हणतं, जागा नवाचीच आहे.
तळाच्या खोक्यात सापडलं दुसरं पुस्तक,
म्हणजे त्याची अकरा पानं. पहिलं वाक्य:
"या गिरणीतल्या बायका हसत असत."
शेजारी, हिरव्यात, स्वतःच स्वतःला:
कोण म्हणतं?
आणि त्याखाली, किती वर्षांनी कोण जाणे,
थरथरत्या हातानं:
दंडाची वही, पान ६१.
जेसी डफ. कामावर हसल्याबद्दल, दोन पेन्या.

ऱ्होनानं ते दोनदा वाचलं.
तोवर धुकं खिडकीपर्यंत आलं होतं.
ते खोकं आम्ही कॅलमच्या गाडीत ठेवलं,
नवात न मोजता.